तळघरातली सवत

जिवंत सवत असली तर बाईला निदान भांडता येतं. उंबऱ्यात उभं राहून चार शिव्या हासडता येतात, तिच्या झिंज्या धरता येतात, गावाला गोळा करून न्याय मागता येतो. मेलेल्या सवतीचं काय करायचं? असिमीनाला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवणार तरी कोण? गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. बोलू नये तर नये, पण मनात जळू नये असं कुठे सांगितलंय?

असिमीना डोंगरापलीकडच्या गावची. पाच बहिणींतली चौथी. बापानं हुंडा देता देता तिसऱ्या पोरीपर्यंत मजल मारली आणि मग हात वर केले. धाकटीला तिच्या रूपानं तारलं. मधल्यामध्ये असिमीना तेवढी राहिली. तिनं शेळ्या राखल्या, आईचं दुखणं काढलं, बापाचं म्हातारपण काढलं, भाचरांची ढुंगणं धुतली. केसांत पांढरं दिसायला लागलं तेव्हा अलीकडच्या गावातल्या आर्गिरीस गवंड्याचं स्थळ आलं. बिजवर होता. त्याची पहिली बायको पगोना तापानं गेली होती. मूलबाळ नव्हतं.

"दगडी घर आहे, माणूस दारू पीत नाही, सासू मेलेली आहे," थोरली बहीण म्हणाली. "आणखी काय सोन्याचा कळस हवाय तुला?"

असिमीनाला कळस नको होता. तिला एक चूल हवी होती, जिच्यापुढे ती कुणाची बहीण नाही, कुणाची मावशी नाही, घरधनीण आहे. बास, एवढंच.

गावात विजेचे खांब नुकते आले होते, त्या काळातली ही गोष्ट. आर्गिरीस माणूस मोठा सज्जन. हिवाळाभर घरी असायचा, ईस्टर झाला की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून कामावर निघायचा, तो द्राक्षं उतरायच्या वेळी परत. चुन्यानं भेगाळलेले रुंद हात, आणि तोंडात शब्द मोजके. असिमीनाशी तो इतकं गोड बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी पाहुणी आलीय. "त्रास नको घेऊस." "छान झालंय." "तुला हवं तसं कर." एकदा तिच्या हातून पाव करपून कोळसा झाला, तर हा पठ्ठ्या तोही मुकाट्यानं खाऊन उठला आणि वर म्हणतो, "छान झालंय."

समोरच्या घरातली कोंदीलो मावशी, नखशिखांत काळ्या कपड्यांतली विधवा, हे बघून उसासे टाकायची. "नशीब काढलंस पोरी! माझ्या मेल्यानं जन्मभर ताटं भिरकावली. मीठ कमी म्हणून भिरकाव, मीठ जास्त म्हणून भिरकाव. देव त्याला शांती देवो, पण तिथेसुद्धा भिरकावत असेल."

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात असिमीनानं पाल्याची कोशिंबीर केली. आता हिच्यात करण्यासारखं काय आहे म्हणाल, तर काहीच नाही, आणि तेच तर अवघड. लेट्यूसची लांब पानं धुवायची, फडक्यावर अशी कोरडी करायची की थेंब राहता कामा नये. मग पानावर पान ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि सुरीनं चिरत जायचं, बारीक, आणखी बारीक, केसासारखं. पातीचा कांदा, मूठभर शेपू, मीठ, सढळ हातानं ऑलिव्हचं तेल, आणि शेवटी शिरका. वाइन आंबवून घरी केलेला. जाडंभरडं चिरणाऱ्या बाईला तिकडे गबाळी म्हणतात. असिमीनाचा हात मात्र असा, की चिरलेला पाला ओंजळीत धरला तर जावळासारखा मऊ लागावा. आयुष्यात तिला एवढी एकच गोष्ट कुणाहीपेक्षा चांगली येते असं ती समजायची, आणि खरंच यायची.

ती तळघरात गेली. कोपऱ्यात शिरक्याचं छोटं लाकडी पिंप होतं, त्यातून वाटीभर काढून आणला. सगळं वरखाली कालवून वाडगा मधोमध ठेवला. दोघांनी त्याच वाडग्यातून खाल्लं. शेवटी तळाशी तेल-शिरक्याचं हिरवट पाणी राहिलं, तेव्हा आर्गिरीसनं पावाचा तुकडा मोडला, त्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"हां," तो म्हणाला. "हीच चव."

असिमीनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती कोंदीलो मावशीला सहज सांगितल्यासारखं करून म्हणाली, "आमच्या ह्यांना माझी कोशिंबीर फार आवडली बाई."

"आवडायचीच," मावशी म्हणाली. "शिरका पगोनाचा ना! माहेराहून हुंड्याच्या खेचरावर बुधल्यात घेऊन आली होती ती त्याची आई. अशी आई साऱ्या गावात नव्हती. आम्ही सगळ्यांनी तिच्याकडूनच नेली."

शिरक्याच्या पिंपात जी जाड, लिबलिबीत साय धरते ना, तिला तिकडे आई म्हणतात. आपल्याकडे विरजण असतं तसं समजा. आई जिवंत असली की उरलीसुरली वाइन तिच्यावर ओतत राहायचं, ती आंबवत राहते. पिंप वर्षानुवर्षं चालतं. माणूस मरतो, पिंप मरत नाही.

त्या दिवशी विहिरीवरून घरापर्यंत असिमीना कशी आली, तिचं तिला ठाऊक. हीच चव म्हणजे कुणाची चव? पाला माझा, सुरी माझी, हात माझे, आणि डोळे मिटले ते तिच्यासाठी!

तेव्हापासून तिचा जो जळफळाट सुरू झाला तो झाला. जेवण झालं की पेल्यांच्या तळाशी राहिलेली वाइन तीच गोळा करायची आणि तीच तळघरात नेऊन पिंपात ओतायची. न ओतावी तर आई मरते, आणि घरधनिणीनं आई मारणं म्हणजे पाप. म्हणजे बघा, आपल्या हातानं सवतीला भरवायचं. ओतताना ती दातओठ खायची. "गीळ," म्हणायची, "गीळ आणखी."

त्यात गावच्या बाया. कुणाचं पिंप बिघडलं की वाडगा घेऊन दारात हजर. "असिमीना, पगोनाच्या आईचा एक तुकडा देतेस का गं? तिच्या हाताला काय गुण होता!" माझ्या दारात उभं राहून, माझ्या तोंडावर, तिचं कौतुक! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. ही पगोना जिवंत होती तेव्हा तिला याच बायांनी आळशी म्हटलं होतं, हे असिमीनानं कोंदीलोकडून मागाहून काढून घेतलं. एक दिवस तेवढं बरं वाटलं.

तिनं उपाय करून पाहिले. एकदा शिरक्याऐवजी लिंबू पिळलं. आर्गिरीसनं खाल्लं, "हेही छान आहे," म्हणाला, आणि पाव वाडग्यात न बुडवता तसाच कोरडा चावत बसला. एकदा तालुक्याच्या बाजारातून बाटलीतला शिरका आणला. "छान आहे," म्हणाला, आणि पाव कोरडाच. एखाद्यानं थोबाडीत मारली असती तर परवडली असती. हा छान म्हणायचा आणि पाव कोरडा खायचा. मग तिसऱ्या दिवशी ती निमूटपणे तळघरातून वाटी भरून आणायची, तो पाव बुडवायचा, डोळे मिटायचा. ती समोर बसून त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहायची. त्या पापण्यांच्या आत कोण बसलंय ते तिला चांगलं माहीत होतं.

रूप कसं होतं पगोनाचं? उंच की बुटकी? तिनं एकदाही विचारलं नाही, आणि आर्गिरीसनं एकदाही ते नाव उच्चारलं नाही. लग्नाच्या आधी त्यानं भिंतीवरचा फोटोसुद्धा काढून ठेवला होता आणि त्या जागी चुन्याचा हात मारला होता. नव्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून. सज्जन माणूस! सज्जनपणाही कधीकधी किती छळतो.

अशी चार-पाच वर्षं गेली. ईस्टरच्या आधीचा मोठा आठवडा आला, उपासांचा शेवटचा आठवडा. बुधवारी दुपारी असिमीना बटाटे आणायला तळघरात उतरली, तर खाली आर्गिरीस. पिंपाचं झाकण काढून, त्यावर ओणवा होऊन, डोळे मिटून वास घेत होता. हात पिंपाच्या कडेवर असा ठेवलेला, जसा कुणाच्या खांद्यावर ठेवावा. तिची चाहूलही त्याला लागली नाही.

ती पायरीवरूनच मागे फिरली. छाती अशी धडधडत होती की नवऱ्याला परक्या बाईबरोबर रंगेहाथ पकडलं असतं तरी इतकी धडधडली नसती. आणि पकडलंच नव्हतं का? तुम्हीच सांगा.

गुरुवारी ईस्टरची अंडी लाल रंगात उकळतात. रंग पक्का बसायला त्यात शिरका लागतो. असिमीनानं तेवढा काढून घेतला. सवतीकडूनही काम करून घ्यावं अशी ती हिशेबी बाई. अंडी रंगली, तेल लावून चमकवली, टोपलीत ठेवली. मग आर्गिरीस न्हाव्याकडे गेलाय हे बघून ती तळघरात उतरली, पिंप मागच्या दारानं बाहेर लोळवत नेलं आणि नाल्याच्या कडेला उपडं केलं.

शिरका भळाभळा वाहून गेला. शेवटी आई बाहेर आली, काळपट लाल, जाड, चकतीसारखी, आणि मातीत थपकन पडली. एक कोंबडी धावत आली, तिनं मान वाकडी करून बघितलं आणि पळून गेली. असिमीनानं पायानं त्यावर माती लोटली. पिंप धुतलं, पुन्हा धुतलं, जागेवर नेऊन पालथं घातलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. इतकी गाढ झोप तिला त्या घरात आजवर लागली नव्हती.

पण रागाला पंचांग नसतं. दुसरा दिवस मोठ्या शुक्रवारचा.

सकाळपासून चर्चची घंटा मयताच्या ठेक्यात वाजत होती. बाया येशूची फुलांची तिरडी सजवून आल्या. असिमीनानं मसूर उकडला, पाला चिरला, नेहमीपेक्षाही बारीक. त्या दिवशी तेल वर्ज्य. येशूला क्रूसावर तहान लागली तेव्हा शिपायांनी त्याला शिरका चाखवला, म्हणून त्या दिवशी घरोघरी मसुरावर आणि पाल्यावर नुसता शिरका घेतात, आणि तोंडात पहिला घोट शिरक्याचाच. वर्षातल्या इतर कुठल्याही दिवशी शिरका नसला तरी चालून जाईल. या एका दिवशी नाही चालत. हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. असिमीनाला वाडगा टेबलावर ठेवताना आठवलं.

आर्गिरीसनं क्रूसाची खूण केली आणि विचारलं, "शिरका?"

"संपला."

"संपला? पिंप भरलेलं होतं."

तो उठला, वाटी घेतली, खाली गेला. असिमीना खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. आता वर येईल. आता गरजेल. येऊ दे, तिनं मनात म्हटलं. एकदाचा येऊ दे.

तो वर आला. वाटी टेबलावर ठेवली. गरजला नाही.

"मी ओतला!" तीच ओरडली. "नाल्यात ओतला! काय करायचंय ते कर. इतकी वर्षं तुझ्या बायकोला मी भरवतेय, माझ्या हातानं! तू माझ्या वाडग्यात पाव बुडवतोस आणि डोळे तिच्यासाठी मिटतोस. मी काय आंधळी आहे? बुधवारी बघितलं मी तुला खाली. बोल ना! ओरड! नाहीतर मार!"

आर्गिरीस खाली बसला. ते रुंद हात त्यानं टेबलावर पालथे ठेवले, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पगोना."

बस, एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. दगड फोडणारा माणूस, कधी घसा खाकरूनसुद्धा मोठ्यानं बोललेला नाही, तो हुंदके देऊन रडायला लागला. "मी कोरिंथजवळ पुलाच्या कामावर होतो गं. निरोप पोचला तोवर तिला पुरून झालं होतं. घरी आलो तर माझ्या बहिणींनी तिचे कपडे वाटून टाकले होते, अंथरूण जाळलं होतं, भिंती धुतल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोशिवाय तिची अशी एक वस्तू नाही. ते पिंप तेवढं राहिलं होतं. कुणाला त्याची आठवण झाली नाही म्हणून राहिलं."

असिमीनाला कणव आली का? आली. ती काही दगडाची नव्हती. तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. पण खरं सांगायचं तर कणवेच्या खालीच ती जुनी आग धगधगत होती. माझ्या पोटाशी डोकं आणि रडणं तिच्यासाठी. मी मेले तर हा असा रडेल? की "छान होती" म्हणेल आणि पाव कोरडा खाईल?

आणि पुढची गंमत ऐका. एकदा ते नाव तोंडातून सुटलं ते सुटलंच. बांध फुटला. शनिवारी दिवसभर पगोना. पगोना खेचराला घाबरायची. पगोना बुटकी होती, फळीवरचं काढायला स्टुलावर चढायची. पगोनाला गाणं यायचं नाही तरी गायची. इतक्या वर्षांत जो माणूस दोन वाक्यांपुढे गेला नव्हता, तो उद्याच्या जेवणाच्या कोकराची आतडी साफ करता करता अखंड बोलत होता, आणि असिमीना ऐकत होती. आता उंची कळली, आवाज कळला, सगळं कळलं. कळून काय, आणखी जळली.

संध्याकाळी ती कोंदीलो मावशीकडे गेली आणि झालेलं सगळं ओकली. मावशी पोट धरून हसली.

"अगं वेडे! तळघरात होती तोवर निदान गप्प होती. तू तिला हाताला धरून वर आणलीस आणि टेबलाशी बसवलीस. आता बस रडत!" मग डोळे पुसून तिनं फडताळातली बाटली काढली. "हे घे. उद्या सगळं गाव जेवायला एकत्र. तुझ्याच घरच्या आईचा शिरका आहे, पिंपात ओतलास की आई परत धरेल. त्याला काही बोलायला जागा राहणार नाही."

असिमीनानं बाटलीकडे बघितलं. घ्यावी असं फार वाटलं.

"नको," ती म्हणाली. "लिंबं आहेत?"

रविवारी, ईस्टरच्या दिवशी, अंगणात निखाऱ्यांवर सळईला लावलेलं कोकरू फिरत होतं, धूर डोळ्यांत जात होता, पोरं लाल अंडी एकमेकांच्या अंड्यांवर आपटत होती. आठ-दहा शेजारी लांब टेबलाला बसले होते. प्रत्येक घरचा कोशिंबिरीचा वाडगा वेगळा, आणि एकूण एक वाडग्याला पगोनाच्या शिरक्याचा वास. असिमीना आत शेवटचं लिंबू पिळत होती, तेवढ्यात आर्गिरीस बाहेरून मोकळ्या आवाजात ओरडला, "पगोना! कोशिंबीर आण लवकर!"

पोरांनीही अंडी आपटायची थांबवली. आर्गिरीसचा चेहरा पांढराफटक पडला. कोंदीलो मावशीनं तोंडावर हात ठेवला, आणि बोटांच्या फटीतून नीट बघत राहिली.

असिमीना वाडगा घेऊन बाहेर आली. सावकाश चालत आली, त्याच्यापुढे वाडगा ठेवला, इतका जोरात की चिमूटभर पाला उडून टेबलावर पडला.

"पगोना आज आली नाही," ती म्हणाली. "ही असिमीनानं केलीय. लिंबू घालून. खायची तर खा, नाहीतर ते बाकीचे वाडगे आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पावाचा तुकडा मोडला आणि वाडग्यात बुडवला, सगळ्यांच्या देखत. खाल्ला. डोळे उघडेच होते. चावता चावता त्याचा एक गाल आक्रसला.

"लिंबू फार झालंय, असिमीना," तो म्हणाला. पुन्हा चावलं. "आणि मीठ कमी आहे."

असिमीनाला वाटलं, कानशिलं तापलीत, आता रडू येणार. पण रडू येईना. त्या घरात आल्यापासून त्यानं तिच्या हातच्या एकाही घासाला कधी बोल लावला नव्हता. पाहुणीला कोण बोल लावतं?

"मग उद्यापासून तुझी तू चिर," ती म्हणाली, आणि मीठ आणायला आत वळली. मिठाचं भांडं समोरच होतं, पण तिनं आधी लिंबाचे हात सावकाश धुतले, पुसले.

"अगं, आणतेस ना मीठ?" बाहेरून आर्गिरीस ओरडला. "पाला मऊ पडला इथे!"

"आणतेय ना!" असिमीना आतून तितक्याच मोठ्यानं ओरडली. "जीव चाललाय का तुझा?"